वसंतातली घाटवाट कशी निवडावी: आधी उंची ठरवा, मग रस्ता

डोंगरात गाडी घेऊन जायचं ठरलं की पहिला शोध सुरू होतो तो ‘सगळ्यात सुंदर रस्ता कुठला’ याचा. भर उन्हाळ्यात हा प्रश्न ठीक आहे. वसंतात मात्र तो हमखास चुकीच्या रस्त्यावर नेतो. अशा याद्यांमध्ये वरचे क्रमांक उंच खिंडींचे असतात आणि फोटो जुलै-ऑगस्टमधले. तुम्ही निघणार असता एप्रिलमध्ये, तेव्हा त्याच रस्त्यावर पुरुषभर बर्फ साचलेलं असतं.

वसंतात आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: किती उंचीपर्यंत जायचं? उंची नक्की झाली की निम्मे रस्ते आपोआप गळतात आणि उरलेल्यांतून निवड करणं सोपं जातं. मी बरीच वर्षं याच क्रमाने रस्ते ठरवत आलोय आणि पहिल्यांदा डोंगरात गाडी नेणाऱ्यांनाही हाच क्रम सांगतो. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत. पहिल्या तीन जमल्या तर बाकीचं काम हलकं होतं.

१. वसंत कुठवर चढलाय ते शोधा

उत्तर गोलार्धात मार्च ते मे आणि दक्षिण गोलार्धात सप्टेंबर ते नोव्हेंबर हा वसंत. पण डोंगराला एक तारीख नसते. पायथ्याशी झाडं पानांनी भरून गेलेली असतात, मध्यावर फुलोरा असतो आणि वर हिवाळा ठाण मांडून बसलेला असतो. वसंत रोज थोडा थोडा वर सरकतो. आपल्याला गाठायचा असतो तो हा मधला पट्टा.

अँड्र्यू डेलमार हॉपकिन्स या अमेरिकी कीटकशास्त्रज्ञाने १९१८ च्या सुमारास यासाठी एक ठोकताळा मांडला. दर १२० मीटर उंचीला वसंत साधारण चार दिवस मागे पडतो, आणि विषुववृत्तापासून दूर जाताना दर एका अक्षांशालाही तेवढाच. तो अमेरिकेतल्या समशीतोष्ण प्रदेशाच्या निरीक्षणांवरून आलाय, त्यामुळे सगळीकडे काटेकोर लागू होणार नाही. तरी आखणीसाठी फार कामाचा आहे. सोपं करून लक्षात ठेवायचं तर हजार मीटर वर म्हणजे महिनाभर मागे. ५०० मीटरवरच्या गावात मार्चअखेर फुलोरा आला असेल, तर १,५०० मीटरवर तो एप्रिलअखेर भेटेल.

अमेरिकेतल्या ब्लू रिज पार्कवेवर हे फार स्पष्ट दिसतं. ७५५ किलोमीटरचा हा रस्ता सर्वात खाली २०० मीटरच्या आसपास असतो आणि सर्वात वर १,८४५ मीटरला पोचतो. त्याच्या कडेचा जांभळट फुलांचा ऱ्होडोडेंड्रॉन (एक फुलझुडूप) खालच्या भागात मे महिन्यात फुलतो, वरच्या भागात जूनमध्ये. म्हणजे रस्ता एकच, पण तुमच्या तारखेप्रमाणे त्यातला योग्य तुकडा बदलतो. हिमालयात बुरांशचा (हाही ऱ्होडोडेंड्रॉनच) लाल फुलोराही असाच खालून वर जातो. त्यामुळे सहलीची तारीख आठवड्याने पुढे गेली तर फक्त हॉटेलचं बुकिंग बदलू नका, मुक्कामाची उंचीही बदला.

हे घरबसल्या कसं शोधायचं?

– रस्त्याचा उंचीचा आलेख काढा. बहुतेक सायकलिंगचे आणि ट्रेकिंगचे नकाशे तो देतात. तीन आकडे कागदावर लिहा: पायथा, सर्वोच्च बिंदू, रात्रीचा मुक्काम.
– सध्याची हिमरेषा पाहा. युरोपच्या कोपर्निकस कार्यक्रमाची उपग्रहचित्रं कुणालाही फुकट पाहता येतात आणि दर काही दिवसांनी ताजी होतात. ढग नसलेला दिवस निवडा आणि बर्फ कुठे संपतं ते उंचीच्या रेषांशी ताडून बघा.
– गेल्या आठवड्यातले फोटो शोधा. तारीख नसलेल्या फोटोवर विसंबू नका.

हिमरेषेच्या खाली साधारण ३०० ते ८०० मीटरचा पट्टा मला नेहमी सर्वात देखणा वाटत आलाय. तिथे एकाच नजरेत तीन रंग असतात: वर पांढरं, मध्ये अजून उघड्या फांद्यांचा करडा-जांभळा रंग आणि खाली कोवळ्या पानांचा पोपटी. खिंडीच्या माथ्यावर उभं राहिलात तर चहूकडे फक्त बर्फ दिसतं. या पट्ट्यातून जाणारा १,२०० मीटरवरचा साधा रस्ता वसंतात २,५०० मीटरच्या नावाजलेल्या खिंडीपेक्षा जास्त देऊन जातो, हे मी अगदी खात्रीने सांगतो.

२. खिंड उघडी आहे का, आणि कुणाच्या म्हणण्यानुसार?

उंच खिंडी हिवाळ्यात बंद असतात आणि बर्फ काढून झाल्यावर उघडतात. उघडण्याची तारीख दरवर्षी वेगळी. काही ठोकळ काळ माहीत असलेले बरे:

– ऑस्ट्रियातला ग्रोसग्लॉकनर हाय आल्पाइन रोड (हॉखटोर, २,५०४ मीटर): साधारण मेच्या सुरुवातीला.
– इटलीतली स्टेल्वियो खिंड (२,७५७ मीटर): मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला.
– अमेरिकेतला ट्रेल रिज रोड (३,७१३ मीटर): मेअखेर.
– अमेरिकेतलाच गोइंग-टू-द-सन रोड (लोगन पास, २,०२६ मीटर): बहुधा जूनअखेर किंवा जुलैच्या सुरुवातीला.
– रुमानियातला ट्रान्सफागाराशान (बाल्या सरोवराजवळ, २,०४२ मीटर): वरचा भाग साधारण जूनअखेरपर्यंत बंद.

यादीतली तिसरी आणि चौथी ओळ पुन्हा वाचा. ३,७१३ मीटरचा रस्ता आधी उघडतो आणि २,०२६ मीटरचा महिनाभर उशिरा. दुसरा बराच उत्तरेला आहे आणि वाऱ्याने वाहून आलेलं बर्फ त्याच्या वरच्या अंगाला प्रचंड साचतं. म्हणून उंचीचा आकडा एकटा वाचायचा नाही. अक्षांश आणि तिथे किती बर्फ पडतं, हेही सोबत बघायचं.

सर्वात मोठी फसगत नकाशाच्या ॲपमुळे होते. ॲप जवळचा रस्ता शोधतं, तो रस्ता खिंडीतून जातो आणि बंद असल्याची नोंद कधी असते, कधी नसते. प्रवास चार महिन्यांनी असेल तर आजच्या स्थितीवरून तेव्हाचं काहीच कळत नाही. पक्की माहिती रस्ता सांभाळणाऱ्या खात्याकडे, राष्ट्रीय उद्यानाच्या प्रशासनाकडे किंवा टोलरस्ता असेल तर तो चालवणाऱ्या संस्थेकडे मिळते. पुष्कळ खिंडींवर थेट कॅमेरे असतात. सकाळचं आणि दुपारचं अशी दोन चित्रं दोन-तीन दिवस पाहिलीत की रस्ता ओला आहे, गोठलेला आहे की कोरडा, हे आपलं आपल्याला दिसतं.

‘उघडा’ या शब्दालाही अटी असतात. काही रस्ते फक्त दिवसा उघडे असतात, काही एकेरी वाहतुकीने चालतात, काहींवर बर्फ पडलं की तासाभरात फाटक लागतं. आणि काही रस्ते खासगी गाड्यांना कधीच खुले नसतात. जपानमधल्या तातेयामा-कुरोबे मार्गावर एप्रिलच्या मध्यापासून बर्फाच्या उंच भिंतींमधून जाता येतं, पण तिथल्या बसने. स्वतःची गाडी पायथ्याशीच ठेवावी लागते.

३. उतार कोणत्या बाजूचा, वेळ कोणती

हा मुद्दा मार्गदर्शिकांत सहसा नसतो, आणि वसंतातल्या सुरक्षिततेचं निम्मं गणित यातच आहे.

उत्तर गोलार्धात डोंगराच्या दक्षिण बाजूला ऊन जास्त मिळतं, तिथलं बर्फ लवकर जातं आणि फुलं लवकर येतात. उत्तर बाजू सावलीत असते. तिथला हिवाळा कित्येक आठवडे लांबतो. दक्षिण गोलार्धात हे बरोबर उलटं. त्यामुळे एकाच खिंडीची चढण कोरडी आणि उतरण निसरडी असू शकते. तुम्ही कोरड्या बाजूने, निर्धास्त मनाने माथ्यावर पोचता आणि खरी परीक्षा उतारावर सुरू होते. नकाशावर प्रत्येक मोठा चढ आणि उतार कोणत्या दिशेला तोंड करून आहे, ते लिहून ठेवा.

आता वेळ. हवेचं तापमान दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी घटतं. ६०० मीटरवरच्या गावात दुपारी १८ अंश असतील तर २,४०० मीटरच्या माथ्यावर सहाच्या आसपास, आणि रात्री ते सहज शून्याखाली जाईल. दिवसभर वितळलेलं पाणी रस्त्यावरून वाहतं आणि रात्री तिथेच गोठतं. सकाळी डोंगराच्या कुशीतलं एखादं वळण नीट पाहा: कपारीतून आलेला पाण्याचा पातळ ओहोळ रस्ता तिरका ओलांडून गेलेला असतो. उन्हातल्या भागात तो नुसता ओला असतो. सावलीत आला की तसाच काळा, तसाच ओला दिसतो, पण तो काचेसारखा गोठलेला असतो. टायरचा घरघर आवाज एकदम बारीक झाला आणि स्टिअरिंग हलकं लागलं, तर तुम्ही त्यावर आहात. अशा वेळी ब्रेक दाबू नका, स्टिअरिंग झटक्याने वळवू नका, ॲक्सिलरेटर हळू सोडा आणि गाडीला सरळ पार होऊ द्या. बाहेरचं तापमान तीन-चार अंशांवर दिसू लागलं की सावलीतल्या प्रत्येक वळणाला वेग आधीच कमी करा.

मग दुपारी निघावं का? तेही नाही. दुपारच्या धोक्याची जात वेगळी. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं आणि खडकाच्या भेगा रुंदावतं. ऊन लागून ते बर्फ सुटलं की दगड मोकळे होतात. वसंतात दगड पडण्याचं आणि दरड कोसळण्याचं मुख्य कारण हेच. ओल्या, जड झालेल्या बर्फाचे लोटही दुपारीच जास्त सुटतात. हिमालयात जिथे ओढे रस्त्यावरून वाहतात, तिथे दुपारनंतर त्यांचं पाणी वाढत जातं. सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा संध्याकाळी गाडी अडवतो.

म्हणून साधा नियम: सावलीच्या वळणांवर ऊन पोचल्यावर निघायचं आणि बर्फाच्या उतारांखालचा भाग दुपार तापायच्या आत मागे टाकायचा. बऱ्याच ठिकाणी हा काळ सकाळी साडेनऊ ते एक असा येतो. दिवसातला सर्वात उंच टप्पा याच वेळात बसवा, आणि ओलांडायचे ओढे असतील तर आणखी लवकर.

४. किलोमीटर नको, वळणं मोजा

सपाटीवर शंभर किलोमीटर म्हणजे दीड तास, हा हिशेब घाटात चालत नाही. स्टेल्वियोच्या उत्तरेकडच्या चढावर पंचवीसेक किलोमीटरांत ४८ हेअरपिन वळणं आहेत आणि उंची साधारण १,८०० मीटरने वाढते. ग्रोसग्लॉकनरचा रस्ता पुरता ४८ किलोमीटर, वळणं ३६. पण थांबत-बघत जाताना अर्धा दिवस कुठे गेला कळत नाही.

नवख्यांनी घाटात तासाला ३० किलोमीटर धरावेत. स्टिअरिंगवर एकट्याने दिवसाला चार ते पाच तास, त्याहून जास्त नको. म्हणजे दिवसाचं अंतर १२० ते १५० किलोमीटर. हे कमी वाटेल. तसं वाटू द्या. थांबण्यासाठी वेळच ठेवला नाही तर देखावा फक्त मागे बसलेल्यांना दिसतो. डोंगरात सूर्य कड्याआड लवकर जातो, तेव्हा पंचांगातल्या सूर्यास्ताच्या तासभर आधी घाट संपलेला असावा.

मुक्काम शक्यतो २,५०० मीटरच्या खाली ठेवा. त्यावर झोपल्यास डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं असा त्रास होऊ शकतो, आणि अशा सकाळी गाडी चालवणं धोक्याचं. दिवसा वर जाऊन रात्री खाली यायचं.

५. कोणत्या दिशेने फिरायचं

गोल मार्ग असेल तर दिशा विचारपूर्वक निवडा. जिथे डावीकडून गाडी चालवतात, तिथे दरी डाव्या हाताला राहील अशी दिशा घेतली की थांबे तुमच्याच बाजूला येतात आणि आंधळ्या वळणावर समोरची वाहतूक कापून पलीकडे जावं लागत नाही. उजवीकडून चालवणाऱ्या देशांत हे उलट करा. उंचीची भीती वाटणारं कुणी सोबत असेल, तर मात्र डोंगराकडची बाजू धरा आणि थांबे परतीच्या वाटेवर घ्या. सोबतच्या माणसाने डोळे मिटून काढलेला घाट ही सहल नव्हे.

दुसरं, दोन बाजूंपैकी एक जास्त खडी असेल तर खड्या बाजूने चढा आणि सौम्य बाजूने उतरा. चढताना इंजिन कष्ट घेतं, उतरताना ब्रेक. आणि ब्रेकला जपणं जास्त महत्त्वाचं. सकाळी सूर्य पाठीशी राहील असं जमलं तर उत्तम. ओल्या रस्त्यावर समोरून येणारं तिरपं ऊन डोळे दिपवतं.

६. गाडी त्या रस्त्याला चालेल का

टायरची नक्षी, ब्रेक पॅड, कूलंट, वायपर आणि स्टेपनीतली हवा निघण्याच्या आठवडाभर आधी तपासा, म्हणजे दुरुस्तीला वेळ राहतो. याशिवाय काही गोष्टी डोंगराच्याच आहेत:

– साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार मीटरला सुमारे दहा टक्के घटते. भरलेली छोटी गाडी ३,००० मीटरवर चढाला कुरकुरते. ओव्हरटेक करताना हे लक्षात असू द्या.
– विजेची गाडी: दोन टनांच्या गाडीला हजार मीटर वर नेण्यासाठी फक्त उंचीपोटी साडेपाच युनिटच्या आसपास वीज लागते, अंतराची वेगळी. उतरताना त्यातला चांगला भाग परत मिळतो. पण माथ्यावरच्या मुक्कामात बॅटरी पूर्ण भरू नका. भरलेल्या बॅटरीला परत येणारी वीज घेता येत नाही आणि सगळा भार ब्रेकवर पडतो.
– लांब गाडी किंवा कॅम्पर असेल तर लांबी-रुंदीची मर्यादा आधी बघा. गोइंग-टू-द-सन रोडच्या वरच्या टप्प्यात ६.४ मीटरपेक्षा लांब गाडीला प्रवेशच नाही.
– काही देशांत टायरचाही कायदा आहे. ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात रस्त्यावर बर्फ असेल तर हिवाळी टायर सक्तीचे. मार्चअखेर किंवा एप्रिलच्या सुरुवातीला जाणाऱ्यांच्या हे ध्यानात नसतं.

भाड्याची गाडी घेताना करार शेवटपर्यंत वाचा. टायर, काचा आणि गाडीची खालची बाजू बऱ्याचदा विम्याबाहेर असतात, आणि घाटात इजा नेमकी यांनाच होते. कच्च्या रस्त्यावर नेण्यास बंदी आहे का, सीमा ओलांडायची परवानगी आहे का, हेही लेखी घ्या.

७. कागदपत्रं

– मूळ वाहन परवाना. परदेशात जाणार असाल तर आंतरराष्ट्रीय परवानाही. तो आपल्या देशातून, निघण्यापूर्वीच काढायचा असतो. कोणत्या करारानुसार दिलेला चालतो ते पाहा: जपानमध्ये १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार दिलेलाच चालतो.
– गाडीची नोंदणी, विमा, आणि प्रदूषण तपासणी लागू असेल तर तिचं प्रमाणपत्र. गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्याचं संमतिपत्र.
– भाड्याचा करार आणि ताब्यात घेताना चारही बाजूंनी काढलेले फोटो.
– प्रवेश परवाने. रोहतांग खिंडीसारख्या ठिकाणी गाड्यांची रोजची संख्या ठरलेली असते आणि परवाना आधी घ्यावा लागतो. सीमाभागात ओळखपत्राबरोबर वेगळा परवाना लागू शकतो.
– टोलचं किंवा महामार्गाचं स्टिकर, किंवा त्याचं डिजिटल रूप. ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमध्ये महामार्गासाठी ते लागतं, आणि ग्रोसग्लॉकनरसारख्या रस्त्याचा टोल त्याहून वेगळा.

सगळ्याच्या छापील प्रती ठेवा. फाटकावर नेटवर्क नसतं.

८. डिकीत काय हवं

स्टेपनी, जॅक, पाना, बॅटरी जोडायची केबल, टॉर्च, परावर्तक त्रिकोण, चमकणारं जाकीट, प्रथमोपचार पेटी. त्यावर वसंतासाठी: न गोठणारं काच पुसायचं पाणी, गॉगल, कोरडे मोजे, उबदार कपड्यांचा एक जोड, ब्लँकेट, प्यायचं पाणी आणि रस्ता दोन-तीन तास अडला तरी पुरेल एवढं खाणं. बर्फाच्या साखळ्या नेणार असाल तर घरी कोरड्या जमिनीवर एकदा लावून बघा. गोठलेल्या बोटांनी पहिल्यांदा लावणं फार कठीण जातं. नकाशा फोनमध्ये उतरवून घ्याच, शिवाय कागदी नकाशा ठेवा. इंधनाची टाकी अर्ध्यावर आली की भरायची. युरोपात आणि भारतातही आणीबाणीचा क्रमांक ११२ आहे.

९. पर्यायी वाट आधीच ठरवा

वसंतात पर्यायी वाट लागतेच असं धरून चाला. ती कागदावर असली की निर्णय शांतपणे होतो. पर्याय तीन प्रकारचे असतात.

खिंडीखालून बोगदा असेल तर पलीकडे पोचता येतं: रोहतांगखालचा ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा २०२० पासून खुला आहे, आणि स्वित्झर्लंडमधली गोटहार्ड खिंड बंद असते तेव्हा जवळपास १७ किलोमीटरचा रस्ताबोगदा चालू असतो. काही ठिकाणी गाडी रेल्वेवर चढवता येते. स्वित्झर्लंडची फुर्का खिंड बंद असताना ओबरवाल्ड आणि रेआल्पदरम्यान अशी सोय आहे. तिसरा पर्याय मला सर्वात आवडतो: खिंड ओलांडायचीच नाही. एका दरीत दोन-तीन मुक्काम करायचे आणि रोज वेगळ्या फाट्याने बर्फापर्यंत जाऊन परत यायचं. पहिल्या सहलीला हेच करा. परतीचा रस्ता ओळखीचा असतो, सामान हलवावं लागत नाही आणि कुठलीही खिंड बंद असली तरी दिवस वाया जात नाही.

मुक्काम ठरवताना रद्द करण्याच्या अटी बघा. खिंडीच्या दोन्ही बाजूंना आगाऊ पैसे भरलेले मुक्काम असले की माणूस नको तेव्हा माथा ओलांडायला निघतो.

१०. प्रत्यक्ष घाटात

उतरताना गिअर तोच ठेवा ज्याने तो चढ चढला असता. इंजिनाला गाडी धरू द्या. ब्रेकवर पाय सतत ठेवू नका. वेग वाढला की ठामपणे दाबा, कमी झाला की पूर्ण सोडा. ऑटोमॅटिक गाडीतही खालचा गिअर किंवा ‘बी’ असतो, तो घरीच शोधून ठेवा. न्यूट्रलमध्ये उतार उतरणं सरळसरळ जीवघेणं आहे. जळका वास आला किंवा पेडल मऊ लागलं तर पुढच्या सुरक्षित जागी थांबा आणि ब्रेक निवू द्या, त्यावर पाणी ओतू नका. वीस-तीस मिनिटं देखावा बघण्यात जातील.

अरुंद रस्त्यावर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा भारतातलाही नियम आहे. स्वित्झर्लंडच्या डोंगरी टपालरस्त्यांवर पिवळ्या टपालबसला प्राधान्य असतं. तिचा भोंगा आंधळ्या वळणाआधी ऐकू येतो आणि मागे घ्यायला तिच्या चालकाने सांगितलं तर घ्यायचं. वळणावर आपली बाजू सोडायची नाही. हिवाळ्यात टाकलेली खडी वसंतात वळणांच्या कडेला साचलेली असते आणि गोठून-वितळून रस्त्याची कडही ठिसूळ झालेली असते. म्हणून समोरच्याला वाट देताना चाक कडेवर नेण्याआधी खाली उतरून जागा बघा. दुचाकीवाल्यांनी त्या खडीबाबत विशेष जपावं. गुरं-मेंढ्या वर निघालेल्या असतील तर गाडी थांबवा आणि कळप जाऊ द्या. हॉर्नने जनावरं दरीकडे बिथरतात.

मागे गाड्या साचल्या तर रुंद जागी बाजूला व्हा. मागच्याच्या घाईने आपला वेग वाढवायचा नाही.

शेवटचं काम निघण्याच्या आदल्या रात्री करायचं. नकाशावर परतीचा एक बिंदू आणि एक वेळ लिहा, उदाहरणार्थ ‘एक वाजेपर्यंत माथा आला नाही, किंवा अमुक वळणानंतर रस्त्यावर बर्फ लागलं, तर वळायचं’. जागा अशी निवडा जिथे गाडी वळवायला रुंदी आहे. पहिलं बर्फ सहसा अरुंद सावलीतच भेटतं आणि तिथे वळता येत नाही. हा कागद चालवणाऱ्याकडे न देता शेजारी बसलेल्याकडे द्या. वेळ झाली की तो सांगेल आणि चालवणाऱ्याने वाद घालायचा नाही, हे गाडीत बसण्यापूर्वी सर्वांशी बोलून ठेवा.